वर्डस्टारची जुनी फाइल उघडते, पण शब्दांची शेपटं बिघडलेली दिसतात: आधी ‘आहे’ शोधा

गणेशोत्सव जवळ आला, की इंदूरच्या मराठी मंडळांना जुन्या स्मरणिका आठवतात. कुणाला रौप्यमहोत्सवाचा अंक पुन्हा छापायचा असतो, कुणाला घराण्याचा कुलवृत्तांत पुढे न्यायचा असतो. रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या एखाद्या कपाटातून वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅमच्या फाइलींची फ्लॉपी निघते, सिल्व्हर मॉलमध्ये कुणीतरी ती पेनड्राइव्हवर उतरवून देतं, आणि मग माझ्याकडे ठरलेली तक्रार येते: ‘‘काका, फाइल खुलते हो, पण काहीच्या काही दिसतं. करप्ट झाली का?’’

बहुतेक वेळा झालेली नसते. फाइल तीस-पस्तीस वर्षांपूर्वी जशी होती तशीच असते. तिला करप्ट करतो तो पुढचा माणूस, नेटवर वाचलेला तोडगा करून. तो तोडगा म्हणजे ‘आठवा बिट उडवा’. इंग्रजी फाइलीला हे औषध बरोबर आहे. आपल्याकडच्या मराठी फाइलीला तेच दिलं तर मजकूर मातीत जातो. म्हणून काही पुसण्याआधी, काही बदलण्याआधी, फाइल कुठल्या जातीची आहे ते ओळखायचं. ही ओळख फार सोपी आहे, आणि कुणी करत नाही.

थोडं कारण समजून घेऊ, म्हणजे पुढचं घोकावं लागणार नाही. वर्डस्टार १९७८ साली सीमोर रुबिनस्टाइन यांच्या मायक्रोप्रो कंपनीनं बाजारात आणला. तो लिहिला रॉब बार्नबी या प्रोग्रॅमरनं, सीपी/एम या, विंडोजपूर्वीच्या डॉसच्याही आधीच्या प्रणालीसाठी. त्या यंत्रांत सगळी मिळून फार तर ६४ केबी मेमरी असायची. इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं हे सगळं ० ते १२७ या आकड्यांत म्हणजे सात बिटांत (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) मावतं. बाइटमध्ये, म्हणजे फाइलीतल्या एका अक्षराच्या जागेत, बिट आठ असतात, म्हणजे एक रिकामा. वर्डस्टारनं ती रिकामी जागा स्वतःच्या खुणांसाठी वापरली. डॉक्युमेंट मोडमध्ये परिच्छेद जुळवताना तो शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चढवून ठेवतो, म्हणजे त्या अक्षराच्या आकड्यात १२८ मिळवतो. छापताना ओळ दोन्हीकडून सारखी करायला कुठे जागा पसरायची, हे त्याला त्यावरून कळायचं.

परिणाम असा, की इंग्रजी ‘द’ शब्दातला शेवटचा ‘ई’ १०१ न राहता २२९ होतो. डॉसच्या टाइप कमांडनं फाइल पाहिली तर त्या जागी ग्रीक सिग्मा दिसतो. विंडोजच्या जुन्या इंग्रजी कोडपेजमध्ये (कोडपेज म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याचा तक्ता) डोक्यावर कडं असलेला ‘ए’ दिसतो. आणि यूटीएफ-८ ही हल्लीची अक्षरपद्धत धरून चालणाऱ्या आजच्या एडिटरमध्ये काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसतं. हे प्रश्नचिन्ह फक्त दिसतंय तोवर ठीक. ते दिसत असताना फाइल सेव्ह केली, की खरं अक्षर गेलं आणि त्याच्या जागी २३९, १९१, १८९ अशी तीन बाइट्सची तिकडी बसली. फाइल पुन्हा पुन्हा ‘बिघडते’ त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे: घरातल्या उत्साही भाच्यानं एकदा उघडून, बघून, सेव्ह केलेली प्रत फिरत राहते. हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीतलं प्रत्येक बाइट आकड्यात दाखवणाऱ्या साधनात) ही तिकडी जागोजाग दिसली तर त्या प्रतीवर वेळ घालवू नका, फ्लॉपीवरची मूळ प्रत मागा. गेलेली अक्षरं त्या प्रतीतून परत मिळत नाहीत.

मूळ प्रत हाती आली की तिची नक्कल करा, मूळ फाइल फक्त वाचता येईल अशी करून ठेवा, आणि हेक्स व्ह्यूअर उघडा. कुठलाही फुकटचा चालेल, फक्त त्यात आकडे सोळाच्या पद्धतीनं दिसतात आणि इथे मी ते नेहमीच्या दहाच्या पद्धतीनं दिले आहेत.

आता मराठीचा भाग. भारतीय लिप्यांच्या संकेतासाठी इस्की नावाचं मानक आहे, १९९१ साली ते आयएस १३१९४ म्हणून ठरलं. त्यात खालचे १२८ आकडे इंग्रजीला जसेच्या तसे ठेवले आहेत आणि आपली अक्षरं १६१ ते २५० या वरच्या पट्ट्यात बसवली आहेत. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संस्थेचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसवरच्या प्रोग्रॅममध्ये या पद्धतीनं देवनागरी लिहिता यायची. म्हणजे वर्डस्टारनं आठवा बिट आपल्या खुणांना वापरला आणि इस्कीनं तोच बिट आपल्या लिपीला वापरला. एकाच खोलीत दोन भाडेकरू! म्हणूनच जिस्टवर मराठी लिहायला वर्डस्टारच्या पहिल्या मेनूतून ‘डी’ न दाबता ‘एन’ दाबून नॉन-डॉक्युमेंटमध्ये जाणं सुरक्षित होतं. त्या मोडमध्ये वर्डस्टार आठव्या बिटाला हात लावत नाही. पण सगळ्यांनी ते पाळलं असं नाही.

ओळखायची युक्ती एका शब्दाची आहे. मराठीत ‘आहे’ नसलेलं पान सापडणं कठीण. इस्कीत आ म्हणजे १६५, ह म्हणजे २१६ आणि एकाराची मात्रा २२५. हे तीन आकडे लागोपाठ, पुन्हा पुन्हा दिसले तर फाइल शुद्ध इस्की आहे, आणि धडधाकट आहे. हेक्सचा कंटाळा असेल तर विंडोजच्या इंग्रजी कोडपेजमध्ये नुसती पाहा (सेव्ह नाही!): जपानी येनचं चिन्ह, पोटातून तिरपी रेघ गेलेला मोठा ‘ओ’, डोक्यावर तिरकी टिकली असलेला ‘ए’. हे त्रिकूट म्हणजे ‘आहे’.

तेच त्रिकूट न दिसता टक्क्याचं चिन्ह, मोठा ‘एक्स’ आणि छोटा ‘ए’ असं दिसलं, तर कुणीतरी आठवा बिट आधीच उडवलेला आहे. १६५ मधून १२८ गेले की ३७ उरतात आणि ३७ म्हणजे टक्का. अशा फाइलीत ‘मराठी’ हा शब्द एल, ओ, झेड, ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह आणि उलटी तिरपी रेघ असा दिसतो. एकदा ओळखीचा झाला की हा नमुना लांबून कळतो. घाबरायचं कारण नाही, मजकूर निव्वळ मराठी असेल तर परतीची वाट आहे: ३३ ते १२२ मधल्या प्रत्येक बाइटमध्ये १२८ मिळवायचे. मोकळी जागा ३२ आहे, तिला हात लागत नाही. अडतं ते इंग्रजी नावं, इंग्रजी आकडे आणि विरामचिन्हं आली की, कारण उडवलेल्या फाइलीत मोठा ‘बी’ हा खरा ‘बी’ की ‘त’, हे फाइल सांगू शकत नाही. ‘त’ इस्कीत १९४, त्यातून १२८ गेले की ६६, आणि ६६ म्हणजे ‘बी’. तिथे माणसानं वाचूनच ठरवावं लागतं. पूर्णविराम आणि स्वल्पविराम तर हमखास अडकतात: १२८ मिळवताच पूर्णविरामाचा मराठी ‘ऍ’ होतो आणि स्वल्पविरामाचा मराठी ‘ए’. शब्दाच्या शेवटी चिकटलेला ‘ऍ’ मराठीत कशाला येईल? शोधा-बदलामध्ये तो आधी घ्या.

आणि तिसरी शक्यता, जी वर्डस्टारची नाहीच. छोट्या अक्षरांत व्ही, के, जी, एस असे चार जागोजाग दिसले, तर ती कृतिदेव फाँटमधली फाइल आहे, त्यात ‘आहे’ असाच दिसतो. आपल्या मध्य प्रदेशात हिंदी टायपिंगसाठी कृतिदेव घरोघर होता, त्यामुळे मराठी मजकूरही त्यात भरपूर सापडतो. तिथे बिटांचा काही प्रश्न नाही. फाँट टाकला की मजकूर दिसतो, आणि कृतिदेवमधून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर भरपूर आहेत. इथे तुमचं काम संपलं, पुढचं वाचू नका.

बाकीच्यांनी पुढे या.

फाइलीचं पहिलं बाइट २९ आणि दुसरं १२५ (बंद महिरपी कंस) असेल तर ती वर्डस्टार ५ किंवा त्यानंतरची आहे. सुरुवातीचे १२८ बाइट्स हे तिचं शीर्षक, त्यात प्रिंटर वगैरेची माहिती असते, तुमचा मजकूर नाही. ते कापायचे. आत मजकुरातही २९ नं सुरू होऊन २९ नं संपणारे तुकडे येतात, ते फाँट, टॅब, तळटीपा यांचे. २९ नंतरची दोन बाइट्स पुढचा तुकडा किती लांब आहे ते सांगतात, त्यामुळे डोळे मिटून ‘२९ ते पुढचा २९’ असं न कापता लांबी मोजून कापावं, नाहीतर तुकड्याच्या आतच एखादा २९ असला की मजकुराचा लचका निघतो. इंग्रजी फाइल असेल तर एवढी मेहनतही नको. कॅनडाचे विज्ञानकथालेखक रॉबर्ट सॉयर यांनी २०२४ साली वर्डस्टार ७ चा पूर्ण संच, आजच्या यंत्रावर चालवायच्या साहित्यासकट, नेटवर ठेवला आहे. त्यात फाइल उघडून प्रिंटरच्या यादीतला ‘ॲस्की’ निवडायचा, की कागदाऐवजी साधी मजकूर-फाइल तयार होते. मात्र तिच्यात प्रत्येक ओळ तुटलेली येते. पानभर पत्र असेल तर चालेल, दोनशे पानांच्या स्मरणिकेला नाही.

जुन्या आवृत्तीच्या, म्हणजे ३ किंवा ४ च्या फाइली हातानं साफ कराव्या लागतात, आणि तिथे सगळं काही क्रमावर आहे. वर्डस्टार दोन प्रकारचे ओळ-बदल ठेवतो. तुम्ही एंटर दाबलात तिथे १३ आणि १०. ओळ भरली म्हणून त्यानं स्वतः खाली आणलं तिथे १४१ आणि १०. १४१ म्हणजे १३ अधिक १२८, पुन्हा तोच आठवा बिट. आता तुम्ही आधी सरसकट १२८ वजा केलेत तर १४१ चा १३ होतो, आणि परिच्छेद कुठे संपला व नुसती ओळ कुठे संपली हा फरक कायमचा पुसला जातो. मग कुणीतरी बसून शेकडो ओळी बॅकस्पेसनं जोडत बसतं. हे काम मी लोकांना आठवडाभर करताना पाहिलं आहे, आणि ते पूर्ण टाळता येण्यासारखं आहे.

म्हणून १२८ वजा करण्याआधी १४१-१० ची जोडी शोधून तिथे एक मोकळी जागा टाका. मग १६० पाहा. ही वर्डस्टारनं ओळ ताणायला घातलेली जागा, तीही साधी जागा करा आणि शेवटी लागोपाठच्या जागा एक करा. (हिशेबाचा तक्ता असेल तर हे शेवटचं करू नका, रकाने कोसळतील. तक्त्याचा भाग वेगळा काढून ठेवा.) ३० आणि ३१ या वर्डस्टारच्या ऐच्छिक जोडरेषा आहेत. ओळीच्या टोकाला शब्द तोडायला घातलेला ३१ काढला नाही, तर तो शब्द नंतर शोधातही सापडत नाही. त्या काढायच्याच, पण ३१ च्या लगेच पुढे १४१-१० असेल तर तिथे जागा न टाकता दोन्ही तुकडे सरळ जोडा. म्हणजे हे खास प्रकरण १४१ च्या सर्वसाधारण बदलाच्याही आधी. एवढं झालं की मग, आणि फाइल इंग्रजी असेल तरच, १२७ च्या वरच्या बाइटमधून १२८ वजा करा.

फाइल इस्की असेल तर १४१-१० आणि १६० चे हे बदल तरीही बिनधास्त करता येतात, कारण इस्कीची अक्षरं १६१ पासून सुरू होतात. एक अपवाद आहे. डॉसच्या पडद्यावर चौकटी आखायच्या रेघा १७६ ते २२३ या आकड्यांत असतात, आणि इस्कीची सगळी व्यंजनं नेमकी तिथेच येतात. म्हणून पीसी-इस्की नावाचं भावंड निघालं, ज्यात तो पट्टा रेघांना मोकळा सोडून अक्षरं दोन बाजूंना सरकवली आहेत. मराठी फाइल आहे हे नक्की माहीत आहे, पण १७६ ते २२३ मध्ये काहीच नाही आणि १२८ ते १७५ भरून वाहतंय, असं असेल तर संशय तिच्यावर घ्या. तिथे १४१ हे चांगलं नांदतं अक्षर असू शकतं. पुढे १० असेल तेव्हाच त्याला ओळ-बदल समजा.

खरा घोळ होतो मिश्र फाइलीत: मराठी मजकूर, मधूनमधून इंग्रजी नावं-पत्ते, आणि सगळं डॉक्युमेंट मोडमध्ये. वधूवर सूची हा याचा नमुना, कारण शिक्षण आणि नोकरीचा मजकूर हटकून इंग्रजीत. इथे वर्डस्टारनं चढवलेला बिट इस्कीच्या चष्म्यातून पाहिला की भलतीच अक्षरं उगवतात. इंग्रजी शब्दाच्या शेवटचा ‘ई’ ओकाराची मात्रा होतो. ‘एस’चा मराठी २ होतो, ‘टी’चा ३, ‘आर’चा १, ‘वाय’चा ८. इंग्रजीत लिहिलेल्या ‘रुपीज’ला चिकटून २ दिसला तर तो आकडा नव्हे, शेवटचा ‘एस’ आहे. वर्गणीच्या यादीत हे लक्षात ठेवा, भांडणं लागतील. उलट दिशेनं, इंग्रजी आकड्यातला शेवटचा अंक अक्षर होतो: १९८५ मधला ५ जाऊन तिथे ‘ग’ बसतो, ३ असेल तर ‘क’. जन्मसाल १९६ग दिसलं तर मुलीचं वय मोजण्याआधी हे दुरुस्त करा.

यावर मी वापरतो तो नियम एवढाच: वरच्या पट्ट्यातलं बाइट इंग्रजी अक्षराच्या किंवा इंग्रजी अंकाच्या लगेच नंतर आणि मोकळ्या जागेच्या किंवा ओळ-बदलाच्या लगेच आधी असेल, तर त्यातून १२८ वजा. नसेल तर ते मराठी, सोडून द्या. एकाक्षरी शब्द या नियमातून निसटतात. एकटाच ‘ए’ असेल तर तो अधांतरी एकाराची मात्रा म्हणून दिसतो, त्यामुळे पकडता येतो. एकटा मोठा ‘आय’ मात्र सुटा ‘फ’ दिसतो, आणि तो नजरेनंच शोधावा लागतो.

वर्डस्टार ४ पासून वरच्या पट्ट्यातलं अक्षर डॉक्युमेंट मोडमध्ये २७ आणि २८ यांच्या मध्ये कोंडलेलं असतं, म्हणजे एका अक्षराला तीन बाइट्स. मराठी मजकूर तिप्पट फुगलेला आणि प्रत्येक अक्षराभोवती चौकटी दिसत असतील तर हे कारण. २७ आणि २८ काढा, मधलं बाइट जसंच्या तसं ठेवा. ही खरं तर आनंदाची बातमी असते, कारण इथे वर्डस्टारनं स्वतःच सांगून ठेवलंय की हे अक्षर आहे, खूण नाही. मिश्र फाइलीचा घोळ इथे आपोआप सुटतो.

किरकोळ गोष्टी झटपट सांगतो. ओळीच्या अगदी सुरुवातीला टिंब आणि मग दोन अक्षरं असतील (पीएल, एमटी, पीओ, पीए) तर त्या छपाईच्या सूचना, त्या ओळी काढा. एचई असेल तर तिच्यात पानाच्या माथ्यावरचं शीर्षक असतं, ते वाचून मग काढा, कधी कधी अंकाचं साल फक्त तिथेच सापडतं. २ ही ठळक अक्षरांची खूण आहे, १९ अधोरेखेची, दोन्ही सुरू करायला आणि बंद करायला तीच. लेखांची शीर्षकं यांवरूनच कळतात, तेव्हा पुसण्याआधी तिथे आपली खूण टाका. फाइलीच्या शेवटी २६ ची रांग दिसेल, ते भरणीचं सामान. पण २६ मध्येच कुठे आला आणि पुढे मजकूर असला, तर कुणीतरी दोन फाइली जोडल्या आहेत. टाइप कमांड पहिल्या २६ ला थांबते आणि लोक म्हणतात, अर्धा लेख गेला. तो पुढे बसलेला असतो.

साफ झालेली इस्की फाइल युनिकोडमध्ये न्यायला आयसीयू नावाची मुक्त सॉफ्टवेअर-लायब्ररी आहे (नावावर जाऊ नका), तिच्यासोबत येणारं यूकॉन्व्ह हे साधन इस्की वाचतं. आवृत्ती शून्य निवडली की देवनागरी. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतही इस्कीची सोय आहे. युनिकोडचा देवनागरी विभाग इस्कीच्याच क्रमावरून बेतलेला असल्यामुळे बहुतेक अक्षरं सरळ बसतात, पण मराठीनं एक जागा तपासलीच पाहिजे: ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’. इस्कीत या अर्ध्या ऱ साठी वेगळं अक्षर आहे, २०८. हिंदीपुरता विचार करून लिहिलेले घरगुती कन्व्हर्टर त्याचा साधा र करून टाकतात, आणि पानभर रफार उडू लागतात. इंदूरात मुद्रितशोधनाला बसणाऱ्यालाही ते पटकन खटकत नाही, हिंदी वाचून डोळा सरावलेला असतो. रूपांतराच्या आधी मूळ फाइलीत २०८ किती वेळा आलाय ते मोजून ठेवा आणि नंतर युनिकोडमध्ये ऱ किती आले ते मोजा. दोन्ही आकडे जुळले तर छपाईला द्या.